महापूर, नदीकाठची गावे आणि बाबासाहेब

आमच्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत प्रत्येक वेळी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र या पानांवर पूर्वीही आले आहे. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, संविधानाची निर्मिती आणि नागपूरची धम्मदीक्षा हे प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात. तथापि १९४२ ते १९४६ या चार वर्षांत मध्यवर्ती सरकारातील श्रमखात्याचे सदस्य म्हणून त्यांनी देशातील नद्यांविषयी जे काम केले, त्याची ओळख फारच थोड्यांना आहे. यंदा आम्ही त्यांच्या जीवनाची कथा त्या कामाच्या अंगाने सांगणार आहोत.

ही निवड आम्ही सहज केलेली नाही. आमच्या वसतिगृहातील पुष्कळ मुले-मुली नदीकाठच्या गावांतून येतात. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यांत त्यांच्यापैकी काहींच्या घरांत आढ्यापर्यंत पाणी चढले. धान्य भिजले, शेळ्या वाहून गेल्या; शिधापत्रिका, जातीचे दाखले आणि गुणपत्रिका यांचा लगदा झाला. पाणी ओसरल्यावर मुलांना भेटायला आलेल्या आईवडिलांच्या तोंडून आम्ही वारंवार एकच गोष्ट ऐकली: नशिबात होते, ते झाले. हे ऐकून आम्हाला वाईट वाटले आणि विचारही करावा लागला. ज्या महामानवाच्या प्रतिमेसमोर आम्ही रोज सकाळी वंदना घेतो, त्यांनी पुराच्या बाबतीत हे उत्तर कधीच मान्य केले नव्हते. पूर का येतो, किती येतो, कोणाच्या दारात येतो आणि त्याविषयी काय करता येते, याचा त्यांनी अधिकारपदावरून, आकडे समोर ठेवून विचार केला होता.

तहानेचे दिवस

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण दापोली आणि सातारा येथे गेले. वडील रामजी सकपाळ सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडले. सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तलावाचे खोदकाम काढले होते आणि रामजीबाबा त्या कामावर रोखपाल म्हणून नोकरीस होते. आई भीमाबाई आधीच निवर्तल्या होत्या. मुले साताऱ्यास आत्याच्या देखरेखीखाली राहत.

एका उन्हाळ्यात ही मुले वडिलांना भेटण्यासाठी आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. त्यांची जात कळताच बैलगाडीवाले त्यांना नेण्यास तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर त्यांना बैलगाडी मिळाली. जवळ खाण्याचे पदार्थ भरपूर होते. पण रात्रभराच्या त्या प्रवासात कोणी पिण्याचे पाणी दिले नाही. वडील तलाव खोदण्याच्या कामावर आणि मुलगा त्याच वाटेवर पाण्यावाचून तळमळत असलेला, असा तो प्रसंग होता. त्याची आठवण बाबासाहेबांनी पुढे अनेक वर्षांनी स्वतः लिहून ठेवली. पाणी उपलब्ध असणे आणि ते माणसाच्या वाट्याला येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्यांना नऊ-दहा वर्षांच्या वयात मिळाला.

पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांच्या अर्थशास्त्रीय अभ्यासातील दोन विषय आमच्या या कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींविषयीचा त्यांचा निबंध १९१८ साली प्रसिद्ध झाला. शेतीवर गरजेहून अधिक माणसांचा भार पडला आहे आणि उद्योगधंदे वाढल्याखेरीज तो हलका होणार नाही, असा त्याचा रोख होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली आला. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात पैसा व जबाबदारी यांची वाटणी कशी होत गेली, हा त्याचा विषय होता. अनेक प्रांतांतून वाहणाऱ्या नद्यांचा प्रश्न वीस वर्षांनी त्यांच्यासमोर आला, तेव्हा हे दोन्ही अभ्यास कामास आले.

महाड, एक नदीकाठचे गाव

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने त्यापूर्वीच केला होता, परंतु तो कागदावर राहिला होता. या हक्कासाठीचा न्यायालयीन लढा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात यशस्वी झाला.

महाडला अभिवादनासाठी जाणाऱ्या आमच्या वाचकांना तेथील भूगोलही परिचित असेल. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी तीव्र उतारावरून खाली येते. महाडजवळ तिला गांधारी मिळते आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून ती समुद्रास मिळते. घाटमाथ्यावर अतिवृष्टी, नदीच्या पात्रात साचलेला गाळ आणि त्याच वेळी समुद्राला आलेली भरती अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्या, की पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते गावात शिरते. २००५ आणि २०२१ च्या जुलै महिन्यांत महाडकरांनी हे अनुभवले. ज्या गावात पाण्याच्या हक्काची लढाई झाली, तेच गाव पुराच्या धोक्याचेही उदाहरण ठरावे, यातून आम्हाला या विषयाची व्याप्ती कळते. पाणी मिळण्याचा हक्क आणि पाण्यापासून सुरक्षित राहण्याचा हक्क हे एकाच नागरिकाचे हक्क आहेत.

दामोदरचा पूर

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य झाले. कामगारांचे प्रश्न तर त्या खात्याकडे होतेच. शिवाय पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच्याच कक्षेत येत. कामगार कायद्यांमधील त्यांच्या कार्याचा उल्लेख वारंवार होतो. नद्यांचा विषय मात्र त्यांच्यासमोर एका आपत्तीच्या रूपाने आला.

छोटा नागपूरच्या पठारावर उगम पावणारी दामोदर नदी तेव्हाच्या बिहार प्रांतातून वाहत येऊन बंगालच्या सपाट प्रदेशात उतरते आणि हुगळीस मिळते. वरच्या खोऱ्यात उतार तीव्र, जंगलतोड झालेली, माती सुटी. त्यामुळे पाऊस पडताच पाणी झपाट्याने खाली येते. खाली पात्र गाळाने भरलेले आणि दोन्ही बाजूंस भातशेती व दाट वस्ती. बंगालचे दुःख अशीच या नदीची ख्याती होती. १९१३ आणि १९३५ साली तिच्यातून सेकंदाला सुमारे साडेसहा लाख घनफूट, म्हणजे साडेसहा लाख क्युसेक, पाणी वाहिले होते.

जुलै १९४३ मध्ये बर्दवानजवळ दामोदरचा डाव्या काठावरील बांध फुटला. पाण्याचा जोर १९१३ किंवा १९३५ इतका नव्हता. तरीही हानी भयंकर झाली. गावेच्या गावे बुडाली, पिके गेली, रेल्वेमार्ग वाहून गेला आणि कलकत्त्याचा उत्तर हिंदुस्थानाशी असलेला रेल्वेसंबंध तुटला. महायुद्ध चालू होते, जपानी सैन्य ब्रह्मदेशात येऊन ठेपले होते आणि बंगालमध्ये लक्षावधी माणसांचा बळी घेणारा दुष्काळ सुरू झाला होता. अशा वेळी अन्नधान्य नेणारा रस्ता पाण्याखाली गेला. पुराचा धोका किती आहे, हे केवळ पाण्याच्या राशीवर ठरत नाही, हे या घटनेतून शिकण्यासारखे आहे. बांध किती मजबूत आहे, काठावर कोण राहते, त्यांच्या घरात किती दिवसांचे धान्य आहे, मदत कोणत्या रस्त्याने येणार आणि तो रस्ता किती उंचीवर आहे, या सर्वांवर तो ठरतो.

पुराचे मोजमाप

बंगाल सरकारने बर्दवानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. तिच्या सदस्यांत विख्यात शास्त्रज्ञ डॉ. मेघनाद साहा होते. डाक्क्याजवळच्या खेड्यात एका गरीब घरात जन्मलेल्या साहांनी पुराची झळ लहानपणापासून पाहिली होती आणि नद्यांचा शास्त्रीय अभ्यास व्हावा यासाठी ते अनेक वर्षे लिहीत होते. अमेरिकेत १९३३ साली टेनेसी नदीच्या संपूर्ण खोऱ्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले होते. दामोदरसाठीही तसेच प्राधिकरण असावे, अशी शिफारस समितीने केली.

बाबासाहेबांच्या खात्याने हा विचार उचलून धरला. टेनेसी खोऱ्यात काम केलेले अभियंते डब्ल्यू. एल. व्हूर्डुइन यांना पाचारण करण्यात आले आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी दामोदर खोऱ्याच्या एकात्मिक विकासाची प्राथमिक योजना सादर केली. या योजनेतील एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. नदीला आजवर आलेला सर्वांत मोठा पूर साडेसहा लाख क्युसेकचा असताना व्हूर्डुइन यांनी दहा लाख क्युसेकचा पूर गृहीत धरला आणि तो धरणांत अडवून खाली अडीच लाख क्युसेकवर आणावा असे सुचवले. आजवर पाणी जेथपर्यंत आले तेथेच ते थांबेल, असे मानणे धोक्याचे असते. आजोबांच्या आठवणीतील पुराची खूण ही माहिती मोलाची खरी. परंतु तिच्यावर अंदाज थांबवता येत नाही. नदीने अद्याप न दाखवलेल्या पुराचाही हिशेब करावा लागतो.

दोन प्रांत, एक नदी

३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात दामोदरविषयी पहिली परिषद भरली. मध्यवर्ती सरकार, बंगाल आणि बिहार यांचे प्रतिनिधी उपस्थित होते आणि अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. दामोदरविषयीच्या परिषदांत त्यांनी सुमारे ४७ लाख एकरफूट पाणी साठवण्याची, ७,६०,००० एकर जमिनीस बारमाही पाणी देण्याची, तीन लाख किलोवॅट विजेची आणि पन्नास लाख लोकांच्या प्रत्यक्ष कल्याणाची योजना मांडली. केवळ पूर रोखण्यापुरते धरण बांधावे, हा विचार त्यांना अपुरा वाटत होता. जे पाणी पावसाळ्यात घर बुडवते तेच अडवून ठेवले तर उन्हाळ्यात शेत भिजवते, वीज देते आणि जलवाहतुकीसही उपयोगी पडते. लहान शेतीवरील माणसांचा भार कमी करायचा तर उद्योग हवेत आणि उद्योगांना वीज हवी, हे १९१८ च्या निबंधाचे सूत्र आता नदीच्या काठावर येऊन पोहोचले होते.

अडचण राजकीय होती. १९३५ च्या कायद्याप्रमाणे पाणी हा प्रांतांचा विषय होता. धरणे बांधली तर जमीन बिहारची बुडणार आणि पुरापासून संरक्षण मुख्यतः बंगालला मिळणार. प्रांताच्या सीमेवर नदी थांबत नाही. मात्र अधिकाऱ्यांचे अधिकार तेथे संपतात. बाबासाहेबांनी या परिषदेत आणि नंतरच्या बैठकांत दोन्ही प्रांतांना एका प्राधिकरणाच्या कल्पनेकडे वळवण्याचा चिकाटीने प्रयत्न केला. लाभ कोणाला आणि भार कोणावर, याची वाटणी आधी ठरल्याखेरीज अभियंत्यांचा उत्तम नकाशाही निरुपयोगी ठरतो, हे प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नव्हते.

याच काळात देशाच्या पातळीवर तांत्रिक संस्थांची उभारणी झाली. वीजविषयक तांत्रिक मंडळ १९४४ साली आणि मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग १९४५ साली अस्तित्वात आला. अभियंते ए. एन. खोसला आयोगाचे अध्यक्ष झाले. आजचा केंद्रीय जल आयोग हा त्याचाच वारसदार. पावसाळ्यात देशातील मोठ्या नद्यांच्या पातळीचे अंदाज हा आयोग देतो. त्याची बातमी ऐकताना हे बीज कोणाच्या कारकिर्दीत पेरले गेले, हे आमच्या वाचकांनी अवश्य आठवावे.

कटकची परिषद

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद झाली. महानदीचा त्रिभुज प्रदेश दर काही वर्षांनी बुडत असे. त्याच प्रांतात दुष्काळ आणि हिवतापही ठाण मांडून होते. १९२८ पासून तेथे समित्या नेमल्या जात होत्या. बांध बांधावेत की काढावेत, पाणी लवकरात लवकर समुद्रात कसे सोडावे, याभोवती त्यांची चर्चा फिरत राहिली होती. बाबासाहेबांनी या समित्यांविषयी आदर व्यक्त करून त्यांचा मूळ दृष्टिकोनच चुकीचा असल्याचे स्पष्टपणे सांगितले. अतिरिक्त पाणी हे संकट आहे, ते घालवून टाकले पाहिजे, ही समजूत त्यांना घातक वाटत होती. माणसाला पाण्याच्या आधिक्यापेक्षा त्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो, म्हणून पाणी दवडण्याऐवजी साठवावे, असा त्यांचा आग्रह होता. मसूरच्या वाटेवर तहानेने व्याकूळ झालेला मुलगा आम्हाला या विचारामागे दिसतो.

महानदीवरील हिराकुड धरणाची पायाभरणी मार्च १९४६ मध्ये झाली. त्याच वर्षी कार्यकारी मंडळ बदलले आणि बाबासाहेबांची या खात्यातील कारकीर्द संपली. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ साली झाला. तेव्हा ते स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. एकाहून अधिक राज्यांतून वाहणाऱ्या नद्यांचे नियमन व विकास हा विषय संसदेच्या अधिकारात आणणारी केंद्रसूचीतील ५६ वी नोंद आणि आंतरराज्य पाणीतंट्यांच्या निवाड्याची तरतूद करणारा अनुच्छेद २६२ संविधानात आले. कलकत्त्याच्या परिषदेत जी अडचण त्यांना भेडसावत होती, तिच्यावर संविधानाने अशा प्रकारे मार्ग दाखवला.

धरणांनंतर

चरित्र लिहिताना केवळ गौरव करून थांबणे बाबासाहेबांना रुचले नसते. त्यांनी स्वतः प्रत्येक सिद्धांत तपासून घेतला. तेव्हा त्या योजनांचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे.

दामोदर खोऱ्यात आठ धरणांचा विचार होता. महामंडळाने त्यांपैकी तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार १९५३ ते १९५९ या काळात बांधली. मैथन आणि पंचेत येथे पुराचे पाणी साठवण्यासाठी लागणारी सर्व जमीनही संपादित झाली नाही. परिणामी पूर पेलण्याची क्षमता मूळ योजनेपेक्षा बरीच कमी राहिली. धरणांमुळे अनेक पुरांचा जोर कमी झाला. तरीही १९७८ साली दक्षिण बंगालमध्ये महापूर आलाच. महानदीच्या त्रिभुज प्रदेशात हिराकुडनंतरही २००८ आणि २०११ साली मोठे पूर आले.

धरणात एक अंगभूत ताण असतो. पूर अडवायचा तर जलाशयात जागा रिकामी हवी. सिंचन आणि विजेसाठी तो भरलेला हवा. पावसाळ्याच्या अखेरीस जलाशय भरत आलेला असताना मुसळधार पाऊस झाला, तर दरवाजे उघडण्यावाचून पर्याय राहत नाही. शिवाय धरण झाले म्हणून खालच्या काठावरचे लोक निर्धास्त होतात, पात्राच्या जवळ घरे बांधतात, आणि नदीचे जुने पात्र तिला परत हवे असते तेव्हा ती ते घेते.

आणखी एक गोष्ट आम्हाला बोचते. दामोदर आणि हिराकुडच्या जलाशयांखाली शेकडो गावे गेली. एकट्या हिराकुडने एक लाखाहून अधिक माणसांना घर सोडावे लागले. विस्थापितांत आदिवासी आणि भूमिहीन कुटुंबे मोठ्या संख्येने होती आणि त्यांतील अनेकांना न्याय्य मोबदल्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडावे लागले. जी विकासयोजना शेवटच्या माणसासाठी कल्पिली होती, तिचा भार त्याच माणसावर पडला. बाबासाहेबांच्या विचाराशी प्रामाणिक राहायचे असेल, तर हा हिशेबही आम्ही विसरता कामा नये.

रोहिणीचे पाणी

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत बाबासाहेब बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहीत होते. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, याचे पारंपरिक स्पष्टीकरण त्यांना पटत नव्हते. त्यांनी त्या घटनेच्या केंद्रस्थानी रोहिणी नदीचे पाणी ठेवले. शाक्य आणि कोलीय यांच्यात या पाण्यावरून तंटा होता. शाक्यांच्या सेनापतीने युद्धाचा प्रस्ताव मांडला तेव्हा सिद्धार्थाने विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा, असे त्याने सुचवले. त्याची सूचना फेटाळली गेली आणि कुटुंबावर संकट येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या स्वीकारली. बिहार आणि बंगालच्या प्रतिनिधींना एका टेबलापाशी बसवणाऱ्या, आणि पाणीतंट्यांच्या निवाड्याची तरतूद करणाऱ्या संविधानाचा मसुदा घडवणाऱ्या बाबासाहेबांनी बुद्धचरित्राकडे या दृष्टीने पाहावे, यात आम्हाला नवल वाटत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १३ जानेवारी १९५७ रोजी, हिराकुड धरणाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी मैथन धरण पूर्ण झाले आणि त्यांचा तो ग्रंथही प्रसिद्ध झाला. त्यांपैकी काहीच त्यांना पाहता आले नाही.

आमच्या गावांसाठी

हे चरित्र वाचून आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी काय करावे? धरणे बांधणे आमच्या हाती नाही. पण पुराचा धोका ओळखणे आमच्या हाती आहे. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. निळी रेषा साधारणतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ, एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते. तीस वर्षे त्या रेषेच्या आत राहणाऱ्या कुटुंबाला तो गाठण्याची शक्यता चारात एकाहून थोडी अधिक होते. निळ्या रेषेच्या आत पंचवीस वर्षे राहिल्यास तीच शक्यता जवळजवळ तीनात दोन होते. गणिताच्या तासाला हे उदाहरण सोडवण्यास आमच्या नववीच्या मुलांना अडचण येऊ नये.

आपली वस्ती कोणत्या रेषेच्या आत आहे, हे ग्रामपंचायतीत आणि पाटबंधारे कार्यालयात विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्त्या अनेक ठिकाणी ओढ्याच्या किंवा नदीच्या अंगाला, खालच्या जागेत आहेत. ती जागा आमच्या पूर्वजांनी स्वखुशीने निवडली नव्हती. म्हणूनच घरकुलाची जागा ठरताना, नवे गावठाण आखले जाताना ती उंचावर असावी, हा आग्रह ग्रामसभेत धरला पाहिजे. २०१९ व २०२१ च्या पाण्याची उंची घराच्या आणि समाजमंदिराच्या भिंतीवर रंगाने नोंदवावी. वस्तीतील वृद्ध, गरोदर स्त्रिया, अपंग आणि लहान मुले यांची यादी पावसाळ्यापूर्वी करावी आणि त्यांना कोण, कोणत्या वाटेने, कोठे नेणार हे ठरवून ठेवावे. दाखले आणि कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवावीत. धरणातून विसर्ग वाढल्याची सूचना वस्तीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी एका जाणत्या तरुणाने घ्यावी. मदत वाटताना पाणी, अन्न आणि निवारा यांत भेदभाव झाला, तर तो निमूटपणे सोसू नये. चवदार तळ्याचा वारसा तेथेही लागू होतो.

येत्या जून महिन्यापासून आमच्या शाळेच्या आवारात विद्यार्थी पर्जन्यमापकाची रोजची नोंद ठेवतील आणि प्रत्येक विद्यार्थी सुटीत घरी जाताना आपल्या वस्तीचा एक नकाशा काढून आणील. त्यावर नदी, ओढा, उंच जागा, विहीर, रस्ता आणि पूर्वीच्या पुराची खूण असेल. हे काम लहान आहे. परंतु पुढच्या पावसाळ्यानंतर भेटीला येणाऱ्या एखाद्या आईने, नशिबात होते असे म्हणण्याऐवजी, पाणी येण्यापूर्वीच आम्ही सारे वर गेलो होतो असे सांगितले, तर बाबासाहेबांच्या त्या चार वर्षांच्या श्रमांचे स्मरण आम्ही खऱ्या अर्थाने केले, असे आम्ही मानू.

जय भीम. नमो बुद्धाय.